तळागाळाचा प्रतिनिधी

मुलांनो, जरा सरकून बसा. लांबच्या एका जंगलात एकच तळं होतं. तळ्यात मकरंद नावाचा मगर राहायचा. पाणी प्यायला जो येईल त्याला धरायचा आणि खाली ओढायचा.

पण त्यात सुख नव्हतं. एकाला धरलं की रानगवे धावून यायचे आणि मकरंदला शिंगांनी बदडून काढायचे. पोट अर्धंच भरायचं, वर पाठ दुखायची.

त्याची आत्या म्हणाली, "बाळ, दात आहेत तुला. शिक्षण नाही."

मकरंदला पटलं. तो पावसाळ्यात भरून आलेल्या ओढ्यानं खाली पोहत विद्यापीठात गेला. तिथे राजकारण, अर्थकारण आणि व्यवसाय हे तिन्ही विषय एकाच पदवीत शिकवायचे. राजकारणाला कोल्हेसर होते, अर्थकारणाला बगळेसर आणि व्यवसायाला कोळीणबाई. मकरंद मन लावून शिकला. पहिल्या वर्गात पास झाला.

परत आल्यावर त्यानं सभा बोलावली.

"मित्रांनो, आजवर माझं चुकलं," तो म्हणाला. "कुणालाही त्याच्या संमतीशिवाय खाणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे."

सगळ्यांना बरं वाटलं. इतकं सभ्यपणे त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

मग त्यानं समजावून सांगितलं. पाणी थोडं, पिणारे फार. पिणारे कमी झाले तर उरलेल्यांना पुरेल. कमी कुणी व्हायचं हे मात्र मकरंद ठरवणार नाही, जंगल ठरवेल. दर अमावस्येला मतदान करून एक प्रतिनिधी निवडायचा. त्यानं तळ्याच्या तळाशी, पार गाळात जाऊन सगळ्यांची बाजू मांडायची. त्याला तळागाळाचा प्रतिनिधी म्हणायचं.

नाव ऐकूनच हरणांमध्ये उमेदवारीवरून भांडणं लागली.

सगुणाबाई नावाची एक रानडुकरीण होती. तिनं विचारलं, "तळाशी गेलेला परत येतो का?"

"फार महत्त्वाचा प्रश्न," मकरंद म्हणाला. "त्यावर समिती नेमू. अध्यक्ष तुम्हीच व्हा."

सगुणाबाई रानगव्यांकडे गेली. "आता का धावून जात नाही तुम्ही?"

"कसं जाणार, बाई?" त्यांचा म्होरक्या म्हणाला. "आचारसंहिता लागलीय. शिवाय या खेपेला आमचा भाचा उभा आहे."

भाचा निवडून आला. वाजतगाजत गेला. त्याच्यामागून आणखी बरेच गेले. उरलेल्यांना पाणी पुरायला लागलं, एवढं मात्र खरं.

आणि एका अमावस्येला सगुणाबाईचा थोरला, हंबीर, निवडून आला. त्याच्या गळ्यात हार पडला. अर्धा त्यानं तिथेच खाल्ला.

"जाऊ नकोस रे," ती म्हणाली.

"आई, विक्रमी मतं पडलीत मला. लोक काय म्हणतील?"

सगुणाबाई थेट तळ्यावर गेली. सगळे ऐकतील अशा बेतानं, पण नरमाईनं बोलली. "मकरंदराव, पोरगा अडाणी आहे हो. तळाशी जाऊन भलतंच बोलायचा, आणि नाव तुमचं खराब व्हायचं. आधी तुमच्याच विद्यापीठात शिकून येऊ दे त्याला."

मकरंदला नाही म्हणता येईना. शिक्षणाचं कौतुक रोज भाषणात तोच करायचा. हंबीर शिकायला गेला. सगुणाबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

यथावकाश हंबीर पदवी घेऊन परत आला. आल्याबरोबर आधी तळ्यावर गेला. मकरंदशी बराच वेळ हळू आवाजात बोलत बसला. मग घरी आला.

"आई, मी सल्लागार झालो."

"म्हणजे तळाशी जायचं नाही ना तुला?"

"छे. सल्लागाराला ती अट नसते." त्यानं घसा साफ केला. "पण योजना नीट चालत नाहीय. एका प्रतिनिधीत भागत नाही. आता प्रत्येक कळपातून एक घ्यायचं ठरलंय. आपल्या कळपातून ज्येष्ठ, अनुभवी असं एकच नाव मला सुचलं."

सगुणाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. कान अजून बापावरच गेले होते.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

"हो. मकरंदसरांकडे."

सगुणाबाई उठली. धाकटी पिल्लं गोळा केली आणि डोंगराच्या वाटेला लागली. वर एका घळीत नाकाडानं बराच वेळ उकरल्यावर घोटभर पाणी लागलं. गढूळ होतं. सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायलं.

तात्पर्य : मुलांना जरूर शिकवावं. फक्त ती शिकून परत यायच्या आत आपल्यापुरतं दुसरं पाणी शोधून ठेवावं.