घरगुती कारण

दुकानाच्या शटरला लावायची पाटी रुद्रप्पांनी तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. पहिल्या कागदावर दानम्मानं सांगितलं तसंच लिहिलं होतं : 'मोर बघायला गेलो आहोत. दुकान उद्या उघडेल.' वाचून त्यांचे त्यांनाच कान गरम झाले.

"लोक हसतील," ते म्हणाले. "पन्नाशी उलटली अन् मोर बघायलाय म्हनतील."

"हसू द्या की. मोरच बघाया चाललोय, दुसरं काय?"

शेवटी चौथ्या कागदावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'घरगुती कारणामुळे दुकान बंद राहील.' चिकटपट्टीनं चारी कोपरे दाबले आणि लांबून बघितलं. पाटी भारदस्त दिसत होती.

बीडच्या जुन्या बाजारातलं त्यांचं भांड्यांचं दुकान सत्तावीस वर्षांत चारदा बंद राहिलं होतं. आई गेली तेव्हा, वडील गेले तेव्हा, थोरले भाऊ गेले तेव्हा, आणि चुलते गेले तेव्हा अर्धा दिवस. लॉकडाऊनमध्येसुद्धा शटर हातभर वर करून ते कुकरच्या शिट्ट्या विकत होते. त्या काळात लोकांचं फार अडलं होतं, असं ते अजून सांगतात.

मोर दाखवायचं कबूल केलं होतं लग्नाच्या पहिल्या वर्षी. नायगावच्या डोंगरात मोरांचं अभयारण्य आहे, मांजरसुंब्यावरून पाटोद्याकडे वळलं की पुढे फार लांब नाही, पुढल्या पावसाळ्यात जाऊ, असं ते म्हणाले होते. मग पावसाळे येत राहिले. दानम्मानं आठवण काढली की रुद्रप्पा नाव घालायचं मशीन दाखवायचे. लग्नाच्या भांड्यांवर नावाशेजारी मोर काढायची त्यांची पद्धत होती. "मोर तर म्या रोज काढतो की. डब्यावर हाय, ताटावर हाय, तुझ्या पिठाच्या डब्यावरबी हाय." तो मोर कोंबडीसारखा दिसायचा. सत्तावीस वर्षं त्या कोंबडीखालचं पीठ मळून दानम्माचा मोर बघायचा राहिला होता.

पाच आठवड्यांपूर्वी तिचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. भूल उतरताना ती डॉक्टरांसमोर स्पष्ट म्हणाली, "मोर राहिला माझा." डॉक्टर रुद्रप्पांकडे बघत म्हणाले, "यांना जरा बाहेर फिरवून आणा." चारचौघांत सांगितल्यामुळे रुद्रप्पांना ते टाळता येईना. आषाढातला बुधवार ठरला. लग्नसराई संपली होती, गिऱ्हाईक नव्हतं.

सकाळी सहाला स्कूटर निघाली. टाके अजून ओढत होते म्हणून दानम्मा शाल गुंडाळून, नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकवून बसली होती. समोरच्या गीताबाई दारात सडा टाकत होत्या. त्यांनी हाक मारली, पण रुद्रप्पांनी वळून बघितलं नाही. कुठे निघालात विचारलं असतं तर काय सांगणार?

सहाला निघाल्यावर साडेसातला मोरांपाशी पोचायला हवं होतं. पण कुलूप नीट लागलं का ते बघायला रुद्रप्पा एकदा बार्शी नाक्यावरून मागे आले. मांजरसुंब्याला चहाला थांबले तर ढाब्यावर एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, आणि कुकरची रिंग कशी बसवावी हे त्याला स्टीलच्या डब्याचं झाकण घेऊन समजावण्यात पाऊण तास गेला. दानम्मा स्कूटरला टेकून उभी होती. डोंगराच्या फाटकाशी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते.

वनरक्षक अजिनाथ खाटेवर रेडिओ ऐकत बसला होता. "उशीर केला मावशी," तो म्हणाला. "ऊन चढलं की मोर झाडीत बसत्यात. आता पाचला नाल्यावर पाण्याला येतील."

"चला मग," रुद्रप्पा लगेच म्हणाले. "पुढल्या पावसाळ्यात..."

"म्या पाचपस्तोर बसते," दानम्मा म्हणाली, आणि पळसाखाली सतरंजी अंथरली.

ती बसली. धपाटे खाल्ले, शेंगांची चटणी खाल्ली, अजिनाथलाही दिली. दिवसभर डोंगरातून मोर ओरडत होते, पण दिसत एकही नव्हता. रुद्रप्पा मात्र फोनला रेंज नाही म्हणून बेचैन होते. कुलपाचा विचार डोक्यातून जात नव्हता. पावणेपाचला त्यांना राहवेना आणि ते धापा टाकत टेकडीवर चढले.

वर फोनला रेंज आली आणि फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. एकशे बारा मिस्ड कॉल. त्यांनी पहिलाच नंबर लावला. तो दानम्माच्या भावाचा, केजजवळच्या युसूफ वडगाव गावच्या मृत्युंजयचा होता.

"दाजी," मृत्युंजय म्हणाला, "धीर धरा. आमी समदे आलोत. बॉडी कवा देनार हायेत?"

"कुनाची?"

 पलीकडे मृत्युंजय कुणाला तरी हळूच म्हणाला, "दाजींच्या डोक्यावर परिनाम झाला." मयत दानम्माची आहे एवढं रुद्रप्पांना कळलं, आणि रेंज गेली.

रुद्रप्पा टेकडी उतरून आले तेव्हा दानम्मा आणि अजिनाथ नाल्याच्या काठी दगडाआड बसले होते. अजिनाथनं तोंडावर बोट ठेवलं. समोरच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं.

"ऊठ," रुद्रप्पा म्हणाले. "घरी चल. तू मेलीस म्हनून अर्धं बीड दारात जमलंय."

दानम्मानं मान वळवली नाही. "पाच मिनटं थांबा."

"अगं, लोक रडायलेत तिथं, अन् तुला मोराचं पडलंय?"

"मेलेल्या मान्साला पाच मिनटानं काय होतंय?"

"चल म्हनतो ना!" रुद्रप्पा ओरडले. जाळीतलं हलणं थांबलं. दानम्मानं सतरंजी घडी केली.

झालं असं होतं. नऊला गीताबाई बाजारात गेल्या तर शटर बंद. पाटी वाचली. घरगुती कारण म्हणजे काय, हे त्या बाजारात लहान पोरालाही ठाऊक आहे. सकाळी स्कूटरवर कललेली, शालीत गुंडाळलेली दानम्मा त्यांच्या डोळ्यांपुढे आली. 'तवाच मला शंका आलती, अंगात हालचाल न्हवती,' असं त्यांनी आधी दोघींना सांगितलं, मग सगळ्यांना. फोन लावले तर लागेनात. ज्याच्या घरात असं झालंय तो कशाला फोन उचलेल? दवाखान्यातून मयत संध्याकाळी देतील, असा अंदाज कुणीतरी बांधला आणि तासाभरात त्या अंदाजाची बातमी झाली.

स्कूटर गल्लीत शिरली तेव्हा अंगणात पन्नासेक माणसं होती. विधी करायला स्वामी भस्म घेऊन आले होते. लिंगायतात मयताला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात, म्हणून झेंडूच्या माळा लावलेली लाकडी खुर्ची मधोमध तयार होती. दीड तास स्कूटरवर बसून दानम्माच्या पोटाला रग लागली होती. अंगणात रिकामी खुर्ची तेवढी एकच होती. ती जाऊन टेकली.

बायकांनी एकदम किंकाळी फोडली.

"आता तरी ऊठ तिथून," रुद्रप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"दम तर घेऊ द्या."

सगळ्यांना खरं काय ते कळायला अर्धा तास लागला. आनंद झाला, पण जरा ओशाळवाणा झाला. केजचे पाहुणे म्हणाले, आमी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलतो. स्वामींनी भस्माची पुडी पुन्हा बांधली. शेजारच्या अंगदनं बाजूला येऊन विचारलं, "काकू, खड्डा खनून झालाय. बुजवू का राहू दिऊ?"

"कसा झालाय?"

"ऐसपैस."

"मग बुजव. परत खनता येतोय."

गीताबाईंनी मात्र मनाला लावून घेतलं होतं. "पन तुमी मोर बघायला जाताल असं कुनाच्या ध्यानात येनार? सांगून जायचं की न्हाई?"

"त्येंना लाज वाटली," दानम्मा म्हणाली.

पुण्याची लेक, रोहिणी, बातमी ऐकून रडत गाडीत बसली होती. फोन लागला तेव्हा ती नगरला पोचली होती. आईचा आवाज ऐकून आधी हमसून हमसून रडली, मग जरा वेळानं म्हणाली, "आई, आता तू बरी आहेस तर मी इथूनच परत फिरू का? यांची रजा वाचेल. पुढच्या महिन्यात नक्की येते."

"फिर की," दानम्मा म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं, पन्नास कपांचं. सकाळपासून कुणाच्या घरी चूल पेटली नव्हती, लोक भुकेले होते, आणि घरची बाई तीच होती.

चहा गाळताना भावजय प्रणिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीतून हिरवा काठ दिसत होता. सवाष्णीला शेवटची साडी माहेरची लागते. जमिनीच्या वाटणीवर सही करून दिल्यापासून नऊ वर्षांत दानम्माला माहेरचं ना पंचमीचं बोलावणं आलं होतं, ना दिवाळीची चोळी.

"बघू," दानम्मा म्हणाली.

प्रणितानं नाइलाजानं साडी काढली. हिरवीगार, जरीच्या पदराची. पदरावर मोर होते. चांगले पिसारेवाले, एकही कोंबडी नव्हती.

"दुकानदार परत घेतो म्हनलाय, आक्का," प्रणिता चाचरत म्हणाली. "म्हंजी, आता लागनार न्हाई तर..."

"राहू दे. पुन्हा आनायचा तरास नको तुमाला."

दारामागून मृत्युंजयचा आवाज आला, "आक्का, तसं न्हाई गं." कसं ते त्यानं सांगितलं नाही. दानम्मानं त्याच्या हातात चहा दिला. साखर दोन चमचे घातली होती, त्याला लागते तशी.

पुढच्या मंगळवारी जेवताना दानम्मा म्हणाली, "उद्या बुधवार हाय."

रुद्रप्पांचा घास हातात राहिला. "परत दुकान बंद ठिऊ? लोक परत येतील. आता खरंच काही झालं तरी कुनी यायचं न्हाई, येवढी शोभा झालीया."

"तुमी काहून बंद ठेवता? उघडं ठेवा."

बुधवारी नऊच्या ठोक्याला शटर वर गेलं. गीताबाईंनी भाजी आणताना ते बघितलं, आत रुद्रप्पा एका पातेल्यावर मोर काढत बसलेले बघितले, आणि निश्चिंत होऊन घरी आल्या. दुपारी मृत्युंजयचा चौकशीचा फोन आला त्यालाही त्यांनी हेच सांगितलं, समदं ठीक हाय, दुकान उघडं हाय.

दानम्मा तोवर पाटोद्याच्या एसटीतून उतरून डोंगराची वाट चालत होती. अंगावर हिरवी साडी होती.

"मामा कुठायत?" अजिनाथनं विचारलं.

"दुकानावर."

पाचला दोघं दगडाआड बसले. जाळी हलली आणि मोर बाहेर आला. डब्यावरच्यापेक्षा खूप मोठा होता. पाण्यापाशी थांबला, अंग झटकलं आणि हळूहळू सगळा पिसारा उभा केला, डोंगराकडे तोंड करून. दानम्माला दिसत होती ती भुरकट पिसांची मागची बाजू आणि थरथरणारं बूड.

अजिनाथला वाईट वाटलं. "पलीकडं लांडोर आसंल," तो कुजबुजला. "खडा टाकू का मावशी? फिरंल इकडं."

"नको," दानम्मा म्हणाली आणि पदर सावरून नीट बसली. "सत्तावीस वरीस पाठच बघितली म्या. सवय हाय. एसटी साडेसहाला हाय, तवर फिरला तर फिरला."