धामणखेडच्या जीपेस पलटणी टायर चढले ती हकीकत

श्री. मुलूख वऱ्हाड, परगणे दर्यापूर, मौजे धामणखेड येथील खुशालराव पाटील यांच्या जीपगाडीस पलटणीचे थोर टायर कैसे चढले आणि त्यांवर स्वार होऊन कोण कोठवर गेले, हे मागाहून चौघे चार तऱ्हेने सांगू लागले. सबब खरे ते एकवार लिहावे ऐसे मनी आणोन ही हकीकत लिहिली. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास थोडके.

शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सर. त्या साली श्रावण अधिक आला आणि पाऊसही अधिकच आला. धामणखेडापासून दर्यापूरच्या पक्क्या सडकेपर्यंत रस्ता अवघा काळ्या मातीचा. ती माती भिजली म्हणजे आधी जोडा घेते, मग पाय घेते, मग गाडीचा आंख घेते, आणि घेतले ते दिवाळीपावेतो परत देत नाही. खुशालराव पाटलांनी विलायती लढाई सरल्यावर लष्करी लिलावातून जीप आणिली होती. उन्हाळ्यात ती हत्तीसारखी मिरवे. पावसाळ्यात मात्र मोतीराम गाडीवानाची बैलजोडी पुढे जुंपोन ती घरी आणावी लागे, आणि पाटील आत सुकाणू धरोन ताठ बसलेले असत. हे पाहोन पाटलांचे कुटुंब गोदाबाई एके दिवशी ओसरीवरून बोलल्या, "बैलच जुंपाचे होते त मोटार काहून घेतली?" हा शब्द पाटलांच्या वर्मी बैसला.

ऐसियात गावी निराळीच खबर आली. बुधाजी, जो दोन वर्षांमागे आपल्या लोकांसह दीक्षा घेऊन बौद्ध जाहला, त्याची कन्या शालू मॅट्रिक पास जाहली होती. गावातून मॅट्रिक जाहलेली पहिली मुलगी हीच. तिला अमरावतीस मास्तरणींच्या ट्रेनिंग शाळेत जागा मिळाली, आणि हुकूम ऐसा की सोमवारी दोन प्रहरांच्या आत जातीनिशी रुजू व्हावे, न झालियास जागा दुसरीस जाईल. टपाल पुरामुळे अडकोन शुक्रवारी पोचले. वाटेतील नाला भरोन वाहत होता, आणि आदल्याच दिवशी एक बैलांची दमणी त्यात रुतली ती अद्याप तेथेच होती. बुधाजी चावडीपुढे येऊन उभा राहिला आणि वाट कोठून निघेल ते विचारू लागला. तेव्हा खुशालरावांनी सर्वांदेखत फर्माविले, "पोरीले सोमवारी अमरावतीले मी पोचवतो. जीपनं." मुलीची दया आली की गोदाबाईंचा शब्द आठवला, याचा निवाडा कोणी केला नाही.

शब्द दिल्यावर पाटलांस रात्री झोप नाही. मुलगी चिखलातून पायी दर्यापूर गाठोन मोटार धरील, हे कोणास सुचले नाही; शब्द जीपेचा होता. शनिवारी तांबडे फुटताच चिखल तुडवीत दर्यापुरास गेले, तेथोन मोटारीने अकोल्यास, आणि मोर्णा नदी ओलांडोन जुन्या शहरात धर्मपाल मिस्त्री यांच्या कारखान्यात दाखल जाहले. हा धर्मपाल पलटणीत मोटारी दुरुस्त करीत असे. हातात हुन्नर मोठा, तोंडात त्याहून मोठा. त्याचेपाशी लष्करी थोर ट्रकाचे चार टायर होते, दात ऐसे की त्यांत मूठ बसावी. भोके जीपेच्या रिंगेस जमतील ऐसे पाहोन तो म्हणाला, "पलटणीत अशे टायर म्या डोये झाकून चढवले, पाटील. तुमी फक्त पाहा."

मग टायर मालमोटारीवर घालोन दर्यापुरास आणिले. पुढे बैलगाडी चालेना, म्हणोन गावची माणसे सामोरी येऊन टायर हाताने लोटीत निघाली. वाटेत त्यांस चिखल चिकटत गेला, आणि गावी पोचेतो प्रत्येक टायर जात्याच्या चार पट जाहला. मागोन धर्मपाल, खांद्यावर जॅक आणि हातात स्वतःचे बूट, ऐसा दाखल जाहला.

रविवारी मोहिमेस आरंभ. जॅक लाविला तो जमिनीत गेला. मग चावडीचे दार बिजागरीतून काढोन जॅकाखाली घातले, तेव्हा जीप उचलली. पहारी लावोन टायर रिंगेवर चढविले, आणि हातपंपाने हवा भरण्यास अवघा गाव पाळीपाळीने लागला. चाके बसविली आणि जीप खाली सोडिली, तो टायर मडगार्डास भिडोन ऐसे आवळले की चाक तसूभर फिरेना. धर्मपालाने डोळे झाकोन काम केले याची खात्री सर्वांस पटली. गोदाबाईंनी ओसरीवरून पाहिले आणि मोतीरामाच्या बैलांकडे नजर टाकिली. ते पाटलांस अधिक लागले.

मग मसलत बैसली. धर्मपाल म्हणाला, गाडीच उंच करावी. आंख आणि वरच्या कमानी, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, यांमध्ये बाभळीचे ठोकळे घालावे, म्हणजे गाडी वर जाईल. तजवीज मान्य जाहली, परंतु बोल्ट आखूड पडले. सहदेव लोहाराने जुन्या वखराच्या लोखंडी पासा तापवोन लांब बोल्ट ठोकोन दिले, आणि दिवस मावळता जीप पुन्हा उभी राहिली, ती ऐसी उंच की पाटलांस चढण्यास पाट मागवावा लागला. चाके फिरली. पाटलांनी फेरी मारून पाहिली, तो डावीकडे वळताना टायर कमानीस घासे आणि सुकाणू अडे.

धर्मपाल म्हणाला, "उजवीकडं मस्त वयते. डावीकडं नोका वयवू."

दुसरा इलाज करण्यास वेळ नव्हता. सोमवारी सकाळी शालू पेटी घेऊन आली. ती पुढे बसली, बुधाजी आणि धर्मपाल मागे. पाटलांच्या वाहनात बुधाजी बसलेला गावाने प्रथमच पाहिला. कोणी काही बोलले असल्यास इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही.

काळ्या मातीने पहिला हल्ला गावकुसाबाहेरच केला. परंतु टायरांचे दात तीत रुतोन जीप पुढे सरे, आणि मागचा पुढचा चिखल उडोन पाटलांचा पांढरा फेटा पाहता पाहता काळा जाहला. नाल्याच्या ऐन मध्ये इंजिन थोर चाकांस न पुरोन बंद पडले. पाणी पायाशी आले. शालूने पेटी डोक्यावर घेतली आणि खाली उतरली. बुधाजी "पोरी, थांब," म्हणेतो तिने पेटी पैल काठावर ठेविली आणि परत येऊन मागोन रेटा लाविला. धर्मपालाने हँडल मारिले, पाटलांनी सुकाणू धरिले, आणि जीप खाकरोन, धूर सोडोन काठावर चढली.

दर्यापूरच्या सडकेशी मात्र डावीकडे वळणे आले. पाटील गाडी थांबवोन बसले. शालू म्हणाली, "काकाजी, तीनदा उजवीकडं वयलं का डावीकडंच तोंड होते." मग जीप सरकी काढावयाच्या जिनिंग कारखान्यास उजवा वळसा घालोन, बाजारातून, कुंभाराच्या दारावरून ऐसी फिरवोन अमरावतीच्या सडकेस लाविली. पुढेही प्रत्येक डाव्या वळणास हाच तह केला.

दोन प्रहर होण्यास अवकाश थोडा राहिला असता अमरावती मुक्कामी पोचले. शाळेचा शिपाई फाटकाशी आला. चिखलाने माखलेल्या बापलेकीस त्याने आत घेतले आणि पाटलांस म्हणाला, "ड्रायव्हर, गाडी बाहेर घे." पाटलांनी आपला हुद्दा सांगण्यास तोंड उघडले. इतक्यात खिडकीतून शालू वाकोन सही करताना दिसली. तेव्हा तोंड मिटोन म्हणाले, "घेतो."

काही वेळाने बुधाजी बाहेर आला. त्याचे डोळे भरले होते. जीपेशी चहाचा पेला आणोन म्हणाला, "चहा घ्या, पाटील. आज माह्याकडून."

पाटलांनी सभोवार पाहिले. गावचे कोणी नव्हते, धर्मपाल गाडीखाली निजोन कमान पाहत होता. पाटलांनी पेला हाती घेतला आणि फुंकून फुंकून सर्व प्याले.

शालू बुधाजी, मौजे धामणखेड, सोमवारी दोन प्रहरांच्या आत शाळेत रुजू जाहली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पाटील हा वृत्तांत सांगताना टायर, नाला, वळसे, ड्रायव्हरसुद्धा सर्व सांगतात, चहाचे सांगत नाहीत. जाहले ते लिहिणे भाग, सबब लिहिले.