सहा जागा, एक रुग्ण

भिलाईतल्या त्या नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी.च्या एका विशेष शाखेला सहा जागा होत्या आणि एक रुग्ण होता. जागा सहाही भरलेल्या होत्या. रुग्णही भरती होता.

शाखेचं नाव न्यायवैद्यक मानसिक परिचर्या. नाव ऐकून लोक जरा मागे सरकत, म्हणून मिताली सोपं करून सांगायची. एकाच माणसात आजार आणि गुन्हा यांची गाठ पडली आणि कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी दवाखान्यात धाडलं, तर त्याची देखभाल कशी करायची, ते आम्ही शिकतो. हे शिकायला तिने सात वर्षांची स्टाफ नर्सची नोकरी सोडली होती. तिचे वडील देवराव यांना हे पटलेलं नव्हतं. स्टील प्लान्टात छत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला चालती नोकरी सोडणं हाच मोठा मानसिक आजार वाटतो.

शाखा चालवण्याचे नियम नर्सिंग परिषदेने घालून दिले होते. न्यायालयीन रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष असावा, कक्षाला कुलूप असावं आणि किमान एक खाट वर्षभर भरलेली असावी. कॉलेजने कक्ष बांधला, कुलूप आणलं. खाट भरायला शालिकराम मिळाला.

शालिकरामचं भिलाईतल्याच कॅम्प-१ या वस्तीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पाच वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले. त्यांतल्या एकाने सांगितलं म्हणून त्याने एका सरकारी ऑफिसच्या सूचनाफलकाची काच पान्याने फोडली. काचेचा तुकडा उडून एका बाबूच्या कपाळाला दोन टाके पडले. फलकावरची सूचना अकरा वर्षं जुनी होती, पण तो मुद्दा कोर्टापुढे आला नाही. कोर्ट म्हणालं, माणूस भानावर नव्हता, निर्दोष आहे. मात्र बरा होईपर्यंत दवाखान्यात ठेवा आणि फेरतपासणी मंडळाने बरा म्हटलं की सोडा. गोळ्या लागू पडल्या. दीड वर्षात आवाज गेले ते गेलेच. वॉर्डात झाडूवाल्या बाईपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. कागदाला ठाऊक नव्हतं.

कारण कागद विद्यार्थिनी लिहीत. दर सहा महिन्यांनी मंडळाकडे परिचर्या अहवाल जायचा आणि ज्या मुलीची पाळी असेल तिने तो भरायचा. आधीच्या सातही अहवालांत एकच वाक्य होतं : ‘सुधारणा समाधानकारक, निरीक्षण चालू ठेवावे.’ वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या लोणच्याच्या मसाल्यासारखं एका बॅचकडून दुसरीकडे आलं होतं. कुणी विसरली तर शालिकराम आठवण करून द्यायचा.

एक माणूस सहा जणींना पुरवायचा म्हणजे वेळापत्रक आलं. ते कक्षाच्या भिंतीवर लावलेलं होतं. सोमवारी झोपेचं मूल्यमापन, मंगळवारी अकरा ते बारा आक्रमकता, बुधवारी संशय, गुरुवारी पश्चात्ताप. मंगळवारी अकरा वाजता शालिकराम किचनमधल्या बायांबरोबर मटार सोलत बसलेला असायचा. पण नोंदवहीतला रकाना रिकामा ठेवला तर प्रशिक्षणाचे तास धरले जात नाहीत. उर्वी नावाची एक हुशार मुलगी होती, तिने लिहिलं की रुग्णाने आज काही शेंगा गरजेपेक्षा जास्त जोराने उघडल्या. तिला दहापैकी नऊ मिळाले. एक गुण शेंगांची संख्या न दिल्यामुळे गेला.

गुरुवारी पश्चात्ताप मितालीकडे होता. शालिकरामला खरोखरच वाईट वाटत असे. त्या बाबूची खुशाली तो दर गुरुवारी विचारायचा. बाबूला बढती मिळून तो रायपूरला गेल्याचं कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं. मितालीने ते लिहिलं तर मार्गदर्शक बाईंनी शेरा मारला की पश्चात्ताप कमी होत असल्याचं दिसतं, लक्ष ठेवा.

नोव्हेंबरात अहवालाची पाळी मितालीची आली. तिने फॉर्म उघडला, साडेतीन वर्षांच्या नोंदी वाचल्या, मटारासकट वाचल्या, आणि लिहिलं : ‘रुग्ण बरा आहे. घरी सोडावे.’

दुसऱ्या दिवशी प्राचार्या गीतांजली मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या कधी आवाज चढवत नसत, विद्यार्थिनींचे वाढदिवस लक्षात ठेवत, आणि नियम पाळताना त्यांच्या चेहऱ्यावर पूजेला बसल्याचं समाधान असे. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं.

“मिताली, तुझं मूल्यमापन चुकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त ते वेळेआधी झालंय.”

“मॅडम, दोन वर्षं उशिरा झालंय.”

“रुग्णाच्या बाजूने बघितलं तर तसं वाटेल. पण तू विशेषज्ञ होणार आहेस, तू सगळ्या बाजूंनी बघायचं.” आणि त्यांनी बाकीच्या बाजू दाखवल्या. फेब्रुवारीत परिषदेची तपासणी. तेव्हा खाट रिकामी दिसली तर शाखेची मान्यता जाणार. मान्यता गेली की सहा मुलींची दोन वर्षं पाण्यात, त्यांत मितालीची स्वतःचीही. दुसरा रुग्ण मागवायचा तर कुणीतरी आधी गुन्हा करायला हवा, तोही आजारामुळे, तोही याच जिल्ह्यात. त्याची तर मागणी नोंदवता येत नाही. मॅडमना याचंही मनापासून वाईट वाटत होतं.

घरी देवरावांनी हे ऐकलं आणि ताट पुढे सरकवून दिलं. “बऱ्या माणसाले कोंडून ठेवून राहिले? अन् तू तिथं शिकून राहिली?” मग ते अर्धा तास बोलले. या देशात माणसाला किंमत नाही, फाइलीला आहे. आपण स्वतः छत्तीस वर्षं फाइली सांभाळल्या म्हणून आपल्याला माहीत आहे. आणि आपली मुलगी त्या माणसाला बाहेर काढल्याशिवाय राहिली तर आपण तिचं तोंड पाहणार नाही. तिची आई कलावती फक्त म्हणाली की भाजी थंड होऊन राहिली. मितालीला मात्र त्या संध्याकाळी बळ आलं. नोकरी सोडल्यापासून बाबा पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलले होते.

तरी सही करण्याआधी ज्याचा प्रश्न त्याला विचारावं म्हणून ती शालिकरामकडे गेली. वॉर्डात मराठी बोलणारे ते दोघंच, त्यामुळे त्याची तिच्यावर जरा जास्त माया होती. तिने त्याला सगळं सांगितलं, डिग्रीचंही लपवलं नाही. तो गोळ्यांची डबी नीट कोनाड्यात ठेवत होता.

“ताई, तुमची परीक्षा कधी आहे?”

“जूनमध्ये.”

“मग जूनवरी राहतो ना मी. मले काई घाई नाही. मागच्या बॅचसाठीबी थांबलो होतो.”

मितालीने नकारार्थी मान हलवली. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, “मी बरा आहो, मले ठाऊक आहे. पण सहा पोरींचं नुकसान कावून करू? एका बाबूचं केलं तेवढं पुरे झालं.”

त्या आठवड्याचा पश्चात्तापाचा रकाना तिने कोरा ठेवला आणि अहवालावर सही करून तो मंडळाकडे धाडला.

मंडळ जानेवारीत बसलं. एक निवृत्त न्यायाधीश, एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक सदस्य, ज्यांचं काम तिसरं असणं हे होतं. त्यांनी शालिकरामला हिंदीत विचारलं की घरी जावंसं वाटतं का. प्रश्न साधा दिसतो, पण तो अभ्यासक्रमातला आहे. हो म्हणालं तर उतावळेपणा, नाही म्हणालं तर संस्थेवर अवलंबित्व. शालिकरामने सात बैठकींचा आणि बारा विद्यार्थिनींचा अनुभव पणाला लावला. वाटतं, तो म्हणाला, पण औषध चालू ठेवून, महिन्याला तपासणीला येऊन, आणि ताईंची परीक्षा झाल्यावर. तज्ज्ञांनी विचारलं, परीक्षेचं काय मध्ये? सोबत आलेल्या मितालीने सांगितलं. यावर मंडळाची पंचवीस मिनिटं चर्चा झाली. दुसऱ्याच्या परीक्षेसाठी आपली सुटका लांबवणारा माणूस शहाणा म्हणावा की कसं? तिसरे सदस्य म्हणाले, असा माणूस आपण तरी पाहिला नाही, सबब लक्षण असू शकतं. शेवटी न्यायाधीश म्हणाले की एवढी समज असलेल्याला वेडा ठरवलं तर आपलं काय होईल, आणि शालिकराम बरा असल्याचं एकमताने ठरलं.

मिताली आनंदात होती आणि डिग्रीवर पाणी सोडून बसली होती. पण मॅडमनी आदेश शेवटपर्यंत वाचला. शेवटी लिहिलं होतं की शालिकराम कुठे राहणार तिथल्या एका जबाबदार नागरिकाचं हमीपत्र येईपर्यंत त्याला हलवू नये. मग मॅडमनी परिषदेचा नियम पुन्हा काढला. खाट भरलेली असावी, एवढंच तिथे होतं. खाटेवरचा माणूस आजारी असावा असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. फेब्रुवारीत तपासणी झाली. तपासनीसांनी शालिकरामला पाहून कक्षाच्या शिस्तीचं कौतुक केलं, कारण इतका शांत न्यायालयीन रुग्ण त्यांनी कुठे पाहिला नव्हता. मान्यता पाच वर्षांनी वाढली आणि जागा सहाच्या आठ झाल्या. जूनमध्ये मिताली पहिल्या वर्गात पास झाली. सगळ्यांचं भलं झालं. शालिकराम कक्षातच राहिला, आता रीतसर बरा म्हणून.

हमीपत्र म्हणजे फार काही नाही, अर्धं पान. ‘सदर इसम आमच्या घरी अथवा शेजारी राहण्यास आमची हरकत नाही.’ खाली नाव, पत्ता, सही. मिताली ते घेऊन आधी कॅम्प-१ मध्ये शालिकरामच्या भावाकडे गेली. भाऊ रडला. म्हणाला, माझा जीव तुटतो, पण मुलीला पाहायला लोक येऊन राहिले. दुकानाच्या गल्लीत सगळ्यांना तो आठवत होता, त्याच्यासारखे स्पोक कुणी बसवले नाहीत असं सगळे म्हणाले, आणि सही बाजूच्या घरातून घ्या असंही सगळे म्हणाले. नंदिनी नगरला त्याचा एक मावसभाऊ होता. त्याने फॉर्म चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून परत दिला.

शेवटी ती घरी आली. सेक्टर ६ मधल्या त्यांच्या क्वार्टरच्या मागे देवरावांनी एक खोली काढली होती. त्यात कोचिंगची पोरं भाड्याने राहत. पोरांचे निकाल लागल्यापासून ती रिकामीच होती. तिने फॉर्म बाबांपुढे ठेवला.

देवरावांनी तो दोनदा वाचला. पेन शोधलं, सापडलं, टोपण काढलं, परत लावलं.

“माह्यं काई नाही बेटा,” ते म्हणाले. “माहा तर जीव तुटते त्याच्यासाठी. पण शेजारीपाजारी काय म्हणतीन? अन् तुह्या आईले दुपारी एकटं राहा लागते.”

कलावती स्वयंपाकघरातून म्हणाली की तिला काही फरक पडत नाही. देवरावांना ते ऐकू आलं नाही. ते म्हणाले, चहा ठेव.

त्यानंतर मितालीने सेक्टरातली चौदा घरं केली. चांगली, शिकलेली, वाचणारी माणसं. शालिकरामची हकीकत ऐकून चौदाही घरांत लोक चिडले. एका गृहस्थांनी तर यावर कुणीतरी खणखणीत लिहायला पाहिजे, असं म्हटलं. सगळ्यांनी फॉर्म नीट वाचला आणि सगळ्यांनी तिला चहा पाजला.

तुम्हीही इथवर आलात म्हणजे चिडलाच असाल. तुमचं घर अजून व्हायचंय. ती आली की एवढंच करा, चहा ठेवू नका. भांडं गॅसवर चढल्याचा आवाज आला की ती आजकाल फॉर्म पिशवीतून काढतच नाही.