ढोमण्यांचं दुसरं घड्याळ

आमच्या ढोमण्यांना किती वाजले असं विचारू नये. "काऊन? किती वाजले ते पाह्यजे का किती वेळ गेला ते?" असा उलटा प्रश्न येतो आणि आपला चहा निवतो. वर्ध्याच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी वजनकाट्याचे प्रोग्राम लिहितो. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर आहे. माणूस थकतो हो.

प्रोग्रामला किती वेळ लागतो हे ते बारा वेळा मोजतात. पहिलं मोजमाप फेकून देतात, "मशीन आळसावली राह्यते." उरलेल्यांतलं मधलं धरतात. माझ्या जांभईचीही एकदा नोंद झाली आहे.

मध्यंतरी मी एक आळस केला. गाडी काट्यावर चढल्यापासून पावती निघेपर्यंतचा वेळ कॉम्प्युटरच्या साध्या घड्याळावरून काढला. तेवढ्यात इंटरनेट आलं, पुढे गेलेलं घड्याळ आपोआप मागे सरकलं आणि पावतीवर छापून आलं, उणे चाळीस सेकंद. जिनिंगच्या मॅनेजरांचा फोन, "गाडी काट्यावर चढाच्या आंधीच मोजली काय भाऊ?" ढोमणे रागावले नाहीत. त्याहून वाईट, त्यांनी समजावून सांगितलं. "बावा, मशीनमधी दुसरं घड्याळ असते. किती वाजले ते त्याले समजत नाई, पण ते मांगं कधी येत नाई. वेळ मोजाचा त त्याच्यावर." हे पाऊण तास चाललं.

दुपारी डबा खाल्ला की ते समुद्रपूरला, धाकट्या भावाकडे असलेल्या आईला फोन लावतात. तिची ओळख सुटत चालली आहे आणि हे तेही मोजतात. "माय, मी कोण?" विचारून कॉम्प्युटरवरच्या स्टॉपवॉचची कळ दाबायची, ती "मनोहर" म्हणाली की पुन्हा दाबायची. दिवाळीला दोन सेकंद लागले, होळीला नऊ. मला चीड यायची. आईला कोणी असं मोजतं?

परवा फोन स्पीकरवर होता. स्क्रीनवर आकडे पळत होते. तीस सेकंद, चाळीस. मग बारीक आवाज आला, "दादा, मले घ्याले कधी येतं?"

ती ज्यांना दादा म्हणायची, ते ढोमण्यांचे मामा जाऊन वीस वर्षं झाली.

"येतो, बाई," ढोमणे म्हणाले. "रविवारी येतो. जेवली काय?"

"जेवली."

त्यांनी फोन ठेवला. मला माझीच लाज वाटली. आकडे अजून पळत होते, म्हणून ते थांबवायला मी हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "अजून उत्तर आलं नाई."