पुलावरचं पंक्चर

"काय सेऊ आन्सेल्मो, पंक्चर?"

नव्या पुलावर सायकल हातात धरून चाललेल्या आन्सेल्मोला त्या संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं हाच प्रश्न विचारला. विचारणारच! आन्सेल्मो म्हणजे गावातला सायकल दुरुस्त करणारा. त्यानंच सायकल ढकलत चालायचं म्हणजे न्हाव्यानं दाढी वाढवून हिंडण्यासारखं झालं.

"हो हो, पंक्चर," आन्सेल्मो म्हणत होता आणि चक्क खोटं बोलत होता. दोन्ही चाकांत ठासून हवा होती. पण शेजारून दोना ओदेते (आमच्याकडे बाप्याला सेऊ, बाईला दोना म्हणायचं) चालत होत्या आणि त्यांच्याबरोबर चालायचं तर काहीतरी कारण हवं होतं.

आता आमच्या विला दास गार्सासमध्ये चालणारं माणूस तरी किती सापडायचं! अख्खं गाव खांबांवर उभं. खाली नदीची भरती-ओहोटी, वर फळ्यांचे रस्ते, आणि मोटारीला गावात मज्जाव. इथलं पोर आधी पायडल मारतं आणि मग सावकाश चालायला शिकतं. अपवाद एकट्या दोना ओदेतेंचा. लहानपणी त्या ऐन ओहोटीच्या वेळी सायकलसकट खाली चिखलात पडल्या आणि कमरेपर्यंत रुतल्या. दोर लावून ओढून काढलं त्यांना, आणि वर काठावर सगळं गाव पोट धरधरून हसत होतं. "मेले तरी पुन्हा या सांगाड्यावर बसणार नाही," असं त्या तेव्हा म्हणाल्या, आणि केस पांढरे झाले तरी बसल्या नाहीत. बाजारातल्या आपल्या ताकाकाच्या, म्हणजे कोळंबीच्या साराच्या गाडीपासून पुलापलीकडच्या एकटीच्या घरापर्यंत रोज चालत.

जुना लाकडी पूल होता तोवर आन्सेल्मोचं फार बरं चाललं होतं. फळ्यांच्या फटीत चाक अडकायचं, म्हणून झाडून सगळ्यांना उतरावं लागायचं. दिवस मावळताना तो दुकान बंद करायचा, त्याच वेळी दोना ओदेते गाडी आवरायच्या. उरलेला ताकाका भोपळ्याच्या वाटीत ओतून त्याच्या हातात द्यायच्या. ते गरम, आंबट सार, त्यातली कोळंबी आणि जिभेला मुंग्या आणणारा पाला तोंडात घोळवत तो एका हातानं सायकल धरून त्यांच्या शेजारून चालायचा. बोलणं काय, तर कोळंबी महागली, पावसानं छप्पर गळतंय, बेलें शहरातल्या बहिणीचा गुडघा दुखतोय. विधुर माणूस. घरी गेलं की भिंतींशी बोलायचं. दिवसभरात त्याला जगल्यासारखं वाटायचं ते या पुलावर. मनातलं एक वाक्य बोलायचं रोज ठरवायचा. पण धीर यायच्या आत पूल संपायचा.

मग सिमेंटचा नवा पूल झाला. गुळगुळीत, रुंद, सायकली सुसाट. नगराध्यक्षा दोना झेनाइदे यांनी फीत कापली, गावानं टाळ्या वाजवल्या. एकट्या आन्सेल्मोचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

तर ही पंक्चरची थाप अशी सुरू झाली आणि आठवडाभर रोज चालली. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. "ज्याची स्वतःची ट्यूब एक दिवस टिकत नाही, त्याच्याकडे आपली कशाला न्यायची?" असं लोक म्हणायला लागले. बिसिटॅक्सीवाला जेनिव्हाल, म्हणजे दोन सायकली जोडून वर छप्पर टाकलेलं ते गाडं हाकणारा, तो तर सरळ धक्क्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेला. आन्सेल्मोनं तेही सोसलं असतं. पण एका संध्याकाळी दोना ओदेतेच म्हणाल्या, "सेऊ आन्सेल्मो, तुम्ही व्हा की पुढे. माझ्यापायी कशाला खोळंबता? एवढा छान पूल झालाय."

तेवढ्यात मागून जेनिव्हालचं गाडं गाणी लावून, चार बायका आणि केळ्यांचा घड घेऊन धडधडत आलं. "बाजूला व्हा, बाजूला व्हा, ब्रेक लागत नाहीये!" गाड्याची कड दोना ओदेतेंच्या हातातल्या पातेल्याला लागली. पातेलं उडालं, सगळं सार पुलावर सांडलं, आणि दोना ओदेते कठड्याला धरून कशाबशा उभ्या राहिल्या.

"डोळे फुटले का रे तुझे?" आन्सेल्मो एवढा ओरडला की कठड्यावरचे बगळे उडाले. "माणूस चालतंय इथं!"

"चालतंय कशाला पण?" जेनिव्हाल लांबून ओरडला. "सायकल घे म्हणावं!"

आन्सेल्मोचा राग अगदी खरा होता. पण रागापाठोपाठ त्याच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि तिथंच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून नगरपालिकेच्या सभेत उभा राहिला. "पुलावर सगळ्यांनी सायकलवरून उतरून चाललं पाहिजे. पादचाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"पादचारी कोण कोण आहेत?" दोना झेनाइदेंनी विचारलं.

आन्सेल्मो घुटमळला. "दोना ओदेते."

"आणि?"

"आणि... पुढेमागे आणखी होतील."

सभा खो खो हसली. पण दोना झेनाइदे हसल्या नाहीत. पाय थकल्यामुळे सायकल सुटलेली त्यांची आई नवा पूल झाल्यापासून पलीकडे जाईनाशी झाली होती, सायकलींना घाबरून. "नियम करू," त्या म्हणाल्या. "मोडणाऱ्याला दंड काय?"

"दंड केलात तर निवडणुकीला भेटू!" मागून जेनिव्हालचा आवाज आला.

"पैशाचा दंड नकोच," आन्सेल्मो घाईघाईनं म्हणाला. "पहारेकऱ्यानं त्याला सायकलसकट चालत पार पलीकडे पोचवायचं आणि वाटेत चार सुरक्षिततेच्या गोष्टी सांगायच्या. चालणाऱ्याला पूल केवढा लांब असतो ते कळू दे!"

"वा! मग पहारेकरी तुम्हीच. रोज संध्याकाळी, अंधार पडेपर्यंत. आणि एक लक्षात ठेवा, गुन्हेगाराला पोचवायला जाल तेवढंच, एरवी पहाऱ्याच्या जागेवरून हलायचं नाही. नाहीतर नियमाला अर्थ काय राहिला?"

टाळ्या पडल्या. नारिंगी जाकीट अंगावर आलं, गळ्यात शिट्टी आली. नियम झाला या आनंदात आन्सेल्मोच्या जे लक्षात आलं नव्हतं ते पुलाच्या बाजाराकडच्या तोंडाशी उभं राहिल्यावर आलं. संध्याकाळी सगळं गाव सायकलवरून उतरून गुमान चालत होतं. दोना ओदेते निवांतपणे चालत होत्या. नगराध्यक्षांची आईसुद्धा काठी टेकत पूल ओलांडत होती. चालत नव्हता तो एकटा आन्सेल्मो.

"देवा रे," तो स्वतःशीच पुटपुटला.

यावर कडी केली औषधवाल्या लिन्दोल्फोनं. हा दुसरा विधुर. मिशांना तेल, अंगाला अत्तर, नवी कोरी निळी सायकल. तोही आता नियमाप्रमाणे उतरून चालायचा, आणि चालायचा तो नेमका दोना ओदेतेंच्या शेजारून. त्यांचं पातेलं आपल्या हँडलला अडकवायचा आणि जाता जाता आन्सेल्मोला म्हणायचा, "काय सुरक्षित पूल केलात हो! गप्पा मारत केव्हा पलीकडे जातो कळतसुद्धा नाही."

आन्सेल्मो नुसती शिट्टी दातात चावायचा. त्याची आशा होती ती गुन्हेगारांवर. कोणी सापडलं तर त्याला पोचवण्याच्या निमित्तानं दोना ओदेतेंच्या मागोमाग तरी जाता येईल. पण जेनिव्हालला दोनदा पोचवलं तेवढंच. दुसऱ्यांदा तो हात जोडून म्हणाला, "बाबा रे, तुझं ते ब्रेकपुराण पुन्हा ऐकायचं नाही मला. उतरतो मी आपला." पूल इतका सुरक्षित झाला की आन्सेल्मोला पलीकडे जायला काही कारणच उरलं नाही. दोना ओदेते जाताना ताकाकाची वाटी त्याच्या हातात ठेवायच्या, क्षणभर थांबायच्या, काही म्हणतोय का बघायच्या, आणि तो म्हणायचा, "कडेकडेनं जा हं." अहो, गळ्यात शिट्टी असली की माणसाचं तोंड बंदच!

अशाच एका संध्याकाळी बाजाराकडून आरडाओरडा ऐकू आला. "अहो धरा! धरा त्यांना!"

आन्सेल्मोनं वळून पाहिलं. पुलाच्या चढाआधीच्या उतारावरून लिन्दोल्फोची निळी सायकल सुटली होती आणि तिच्यावर साक्षात दोना ओदेते बसल्या होत्या! पाय पायडलवर नाहीत, दोन्हीकडे फाकलेले. हँडलला पातेलं, पातेल्यात झारा, आणि त्याचा खणखणाट. मागून लिन्दोल्फो धावत होता.

आन्सेल्मोनं सवयीनं शिट्टी फुंकली. मग त्याच्या लक्षात आलं की यांना थांबता येत नाही. तो हात पसरून सायकलच्या वाटेत उभा राहिला. पुढच्या क्षणी सायकल, पातेलं, पहारेकरी आणि दोना ओदेते असा सगळा ढीग पुलाच्या तोंडाशी पडला होता.

"लागलं का? लागलं का कुठं?" आन्सेल्मोचा आवाज रडवेला झाला होता.

"गुडघा खरचटलाय." दोना ओदेते उठून झगा झटकत होत्या. "पण मी सायकलवर होते. पुलावर आले होते ना? चाक आलं होतं ना?"

"पुढचं आलं होतं..."

"मग झालं. नियम तो नियम. चला, पोचवा मला."

तोवर धापा टाकत लिन्दोल्फो आला. "दोना ओदेते! वाटी तोंडाला लावली होती हो मी, तेवढ्यात तुम्ही माझ्या सायकलवर... थांबा, मीच तुम्हाला घरी पोचवतो."

"तुम्ही पहारेकरी आहात का?" दोना ओदेतेंनी विचारलं.

दोघं निघाले. आन्सेल्मोच्या हातात वाकडी निळी सायकल, हँडलला पातेलं, शेजारी दोना ओदेते थोड्या लंगडत.

"सुरक्षिततेच्या चार गोष्टी सांगा की," त्या म्हणाल्या.

"दोना ओदेते, माझी पंक्चरं... ती खरी नव्हती."

"ते पहिल्याच दिवशी कळलं मला. चाकाला अंगठा लावून पाहिला होता. दगडासारखं टणक."

आन्सेल्मो थबकला. "मग मला पुढे व्हा कशाला म्हणालात?"

"म्हटलं आता तरी हा माणूस काही बोलेल! तर तुम्ही काय केलंत? मला सांगायचं ते जाऊन नगरपालिकेला सांगितलंत!" त्यांचे डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. "लहानपणी चिखलात पडल्यावर शप्पथ घेतली होती मी. आज मोडली. आता रोज पडायला मला जमणार नाही. काय ते आत्ता बोला."

पुलाचा मध्य आला होता. आन्सेल्मोनं घसा साफ केला. "मला रोज तुमच्याबरोबर चालायचंय. पूल संपल्यावरसुद्धा."

दोना ओदेतेंनी हात पुढे केला. "आधी ती शिट्टी द्या इकडे. शिट्टीवाल्याला हो म्हणायचं म्हणजे दंड भरल्यासारखं वाटतं." त्यांनी शिट्टी पातेल्यात टाकली आणि त्याच्या दंडाला धरून त्या चालू लागल्या. आन्सेल्मोला एवढा आनंद झाला की एकदा तो स्वतःच कठड्याला धडकला.

मागून गाण्यांचा आवाज आला. पहारा मोकळा बघून जेनिव्हालनं गाडं पुलावर घातलं होतं. आन्सेल्मोचा हात गळ्याशी गेला, पण तिथं शिट्टी नव्हती. जेनिव्हालनं पुढं चाललेली दोघं पाहिली, लंगडणारा पाय पाहिला, दंडावरचा हात पाहिला. त्यानं ब्रेक दाबला, आणि आज तो लागला. गाणी बंद करून तो खाली उतरला, पण गाडं ढकलत हळूच त्यांच्या बाजूनं जाताना त्याला राहवलं नाही.

"काय सेऊ आन्सेल्मो, पंक्चर?"

आन्सेल्मोनं तोंड उघडायच्या आत दोना ओदेतेंनी उत्तर दिलं, "हो रे बाबा, पंक्चर! आणि आता रोज होणार आहे!"