कापसाच्या रांगेतली आणीबाणी

"उतर! उतर खाली! आणीबाणीत तुले याच ट्रॅक्टरले सलाम ठोकाले लावला असता!"

आणि पाठोपाठ शिट्टी. ती शिट्टी ज्यानं ऐकली नाही त्याला मी काय सांगू? राळेगावात वाजली की तिकडे उमरखेडला उभी असलेली एस्टी आपोआप रिव्हर्स घ्यायची. कापूस खरेदी केंद्राच्या फाटकाकडे रांग तोडून निघालेला ट्रॅक्टर जागच्या जागी बंद पडला. चालवणारा कुण्या पुढाऱ्याचा भाचा होता. त्यानं आधी गॉगल काढला, मग ट्रॅक्टर निमूटपणे रांगेच्या शेपटाला नेऊन लावला.

शिट्टीमागचा माणूस म्हणजे आमचे देवरावजी. एस्टीत कंडक्टर म्हणून लागले, कंट्रोलर होऊन निवृत्त झाले आणि गावी येऊन वडिलांच्या चार एकरांत कापूस पेरू लागले. अंगावरची खाकी सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही. घरातसुद्धा अनाउन्समेंट चालायची. "लक्ष द्या, गोठ्यातून नदीकडे जाणारी म्हैस पाच मिनिटांत सुटेल!" काकू होत्या तोवर चुलीपुढून म्हणायच्या, "ऐकलं." काकू गेल्या. पोरगी नांदायला पुण्याला. अनाउन्समेंट मात्र वेळापत्रकाप्रमाणे चालू राहिली. म्हैस काय उत्तर देणार?

आणीबाणी हे त्यांचं दैवत. "तवा कावळेसुद्धा पाळीनं ओरडत होते," ते सांगायचे. "बाबू टेबलाखाली हात नेत नव्हते. पायाले खाज सुटली तरी नाही! आन् आता? लोकशाही म्हणजे जो तो आपला लाइन मोडते."

त्या वर्षी बाजारात कापसाला कुणी विचारत नव्हतं. व्यापारी तर असा भाव सांगायचा की वाटावं, आपणच त्याला काही द्यायचं राहिलंय. त्यामुळे साऱ्या तालुक्याच्या बैलबंड्या सरकारी केंद्रापुढे येऊन उभ्या. रांग एवढी लांब की शेपटाकडच्या माणसाला फाटक ऐकूनच माहीत. आणि फाटकावर 'चहापाणी' घेऊन मागच्याला पुढे सोडायचा धंदा जोरात.

देवरावजींनी तिसऱ्या दिवशी सत्ता हातात घेतली. मतदान नाही, ठराव नाही. एका बंडीवर चढले, शिट्टी फुंकली आणि कायदे सांगितले. बंड्या सुतात लावायच्या. पत्ते बंद. थुंकायचं ते डावीकडे. फाटकावरच्या माणसाच्या चहापाण्यावर असा पहारा बसवला की बिचाऱ्याला खरा चहासुद्धा लपून प्यावा लागे. स्वतः कुणाच्या बिडीचा झुरकाही घेतला नाही. मी तर म्हणतो, त्या दिवसांत बैलसुद्धा विचारून शेण टाकत.

सारे खूश. एक शेवंताबाई सोडून.

शेवंताबाई म्हणजे शेजारच्या गावची बाई. स्वतःचं वावर स्वतः वाहणारी आणि बंडी स्वतः हाकणारी. जीभ बैलाच्या पराणीपेक्षा टोकदार. ती म्हणाली, "आणीबाणीत बी पैसे घेत होते, बाप्पा. माह्या बापानं देल्ले न तहसिलात. फरक एवढाच, देल्यावर कोणाले सांगता येत नव्हतं. आता निदान शिव्या तरी देता येते."

"बाई, लाइनीत उभी राय!"

"उभीच आहो. पण तुमच्यावर कोण नजर ठेवून राह्यलं, थे सांगा."

कुणी हसलं नाही. कारण रांगेत दोन दिवसांपासून कुजबुज होती. रोज सकाळी उठून पाहावं, तर मागची एखादी बंडी पुढे गेलेली. काल माझ्या मागं असलेला गणपत आज पुढे दिसायचा आणि विचारलं की दुसरीकडे पाहायचा. देवरावजी पैसे खातात की काय? विचारणार कोण? शिट्टी त्यांच्या गळ्यात.

त्यात शुक्रवारी फाटकावर सूचना लागली: उद्या संध्याकाळी केंद्र बंद. जो बाहेर राहील त्याला व्यापाऱ्याच्या दारात जाण्यावाचून गत नाही. आता एकेका नंबराची किंमत सोन्याची झाली आणि शेवंताबाई गरजली, "निवडणूक घ्या!"

झाली निवडणूक. उमेदवार दोन, टोपल्याही दोन. दर बंडीनं कापसाचा एक पुंजका आपल्या उमेदवाराच्या टोपलीत टाकायचा. आता मला सांगा, जिथं चहूबाजूंनी कापसाचे डोंगर उभे, तिथं मत कापसाचं ठेवायचं, ही अक्कल आमच्याशिवाय कुणाला सुचेल? प्रचार तासभर चालला. शेवंताबाईकडून भजी आली. देवरावजींच्या नकळत त्यांच्या भक्तांकडून चिवडा आला. मी दोन्ही पक्षांचं मनापासून ऐकून घेतलं. मोजणीला बसलो, तर दोन्ही टोपल्या उतू चाललेल्या. जावयाची गादी भरून वर दोन उशा झाल्या असत्या.

"पाहा!" देवरावजी आनंदानं ओरडले. "पाहा तुमची लोकशाही!"

"हाव," शेवंताबाई म्हणाली, "पण मोजलं म्हून तर सापडलं न? आता हात वर करा सारे. एकानं एकच!"

हातांत ती जिंकली. देवरावजींनी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली. चेहरा असा, की स्टँडवरून शेवटची गाडी गेली आणि हेच मागं राहिले.

बाईनं पहिलं काम केलं ते तपासणीचं. फाटकापासून निघाली, मागून आम्ही सारे. "कंट्रोलरसाहेबाची बंडी परवा पुढून पाचवी होती. कुठी आहे? माप होऊन घरी गेली असंल!"

बंडी पुढे नव्हती, मधेही नव्हती. चालता चालता ती सापडली अगदी शेपटाला, त्या भाच्याच्या ट्रॅक्टरच्याही मागे. कापूस जसाच्या तसा.

मग गणपतला कंठ फुटला. देवरावजींकडे हात करून म्हणाला, "यायनंच माह्या बंडीशी जागा बदलली. मी काही देल्लं नाही, आईची आन! फक्त रात्री आणीबाणीची गोष्ट ऐकली. दोनदा."

"मी तीनदा," दुसरा म्हणाला. त्याचा नंबर त्याहून पुढचा होता.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. स्वतःची जागा देऊन दुसऱ्याची घेतलेली. मधल्या कुणाचं काही गेलं नाही. माझा तर जीव भांड्यात पडला. शेवंताबाई मात्र देवरावजींपुढे जाऊन उभी राहिली.

"उद्या केंद्र बंद होते. तुमचा कापूस काहून मागं ठेवला?"

देवरावजींनी सवयीनं छातीवर हात नेला. शिट्टी तिथं नव्हती. "माप झालं," ते म्हणाले, "की घरी जा लागते."

शेवंताबाईनं त्यांच्याकडे बोट दाखवलं. मग मागं वळून ओरडली, "यायची बंडी पहिली घ्या! हात वर करा!" साऱ्या रांगेचे हात वर. "अरे, हे लाइन मोडणं आहे!" देवरावजी बोंबलत होते आणि आम्ही चाकांना हात लावून बंडी पुढे ढकलत होतो. शनिवारी फाटक उघडताच पहिलं माप त्यांचं झालं. मग शेवंताबाई सारी रांग घेऊन केंद्राच्या साहेबापुढे उभी राहिली. एवढी माणसं एका ओळीत, न भांडता उभी पाहून साहेब घाबरला असावा. त्यानं वर फोन लावला आणि केंद्र आणखी आठवडाभर चालेल असं सांगितलं. मी तिथंच बैलाच्या गळ्यात पडलो. बैलालाही बरं वाटलं.

सोमवारी मी रांगेच्या शेपटाकडे फिरत गेलो, तर शेवटच्या बंडीमागं देवरावजी उभे. पायी. हात रिकामे, सदरा इस्त्रीचा. शेवंताबाईही मागोमाग आली. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "कापूस तर कवाच गेला तुमचा. आता इथं कायले उभे आहा?"

देवरावजी समोरच्या बंडीकडे पाहत म्हणाले, "लाइन आहे न."