दौलतमामांचा लसूण

दौलतमामांच्या शर्टाच्या खिशात कायम लसणाचा एक गड्डा असायचा. गावातल्या बाकीच्या बाप्यांच्या खिशात तंबाखूची पुडी असायची, चष्मा असायचा. मामांच्या खिशात लसूण. लग्नाची पंगत असो, गावकीची बैठक असो नाहीतर एसटीचं सीट, मामा बोलता बोलता एकदम गप्प व्हायचे. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर उलटी ठेवायचे, गड्डा फोडायचे आणि सोलायला लागायचे. टरफलं टोपीत, पाकळ्या रुमालात. दहा-पंधरा मिनिटांनी टोपी बाहेर झटकून पुन्हा डोक्यावर, आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं. "तर मी काय म्हनत हुतो..."

मामा म्हणजे काही नाजूक प्रकरण नव्हतं. सहा फूट उंची, दारातून वाकून आत यावं लागणारा देह, उधळलेल्या बैलाची वेसण एका हातानं धरून त्याला जागेवर थांबवणारा गडी. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, मामांपासून ऊस आला. मी बावड्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले ती नव्वद सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं मामांच्याच घरी राहिले, भाडेकरू म्हणून पण घरच्यासारखी. त्यामुळं हा लसूण घरात कसा शिरला ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तसं काय न्हाय, पर हाय." ऊस कसा आहे विचारलं तरी हेच, जावयाला सर्दी झाली का विचारलं तरी हेच. रंजना, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, बारावीला पास झाली तेव्हा पेढे वाटतानाही लोकांनी "मार्क चांगले पडले का" विचारलं तर मामा म्हणाले, "तसं काय न्हाय, पर हायती."

एका रविवारी मामा ओसरीवर आरसा लावून दाढी करत होते. मी शेजारी बसून पोरांच्या वह्या तपासत होते. मामांच्या हातातला वस्तरा खाली पडला. त्यांनी छाती धरली आणि मला म्हणाले, "बाई, मी चाललो."

"कुठं?" मी मान वर न करता विचारलं. मला वाटलं, मळ्यात निघाले.

वर पाहिलं तर मामा घामानं निथळत होते, हात थरथरत होते आणि तोंडानं श्वास ओढत होते. शेवंतामामी चुलीपुढून धावत आल्या. रस्त्यावरून प्रवासी भरून इंदापूरकडं निघालेली वडापची जीप रंजनानं आडवी होऊन थांबवली. आतली माणसं खाली उतरायला तयार होईनात. त्यांना काळजी वाटत होती. त्यामुळं मामांबरोबर अनोळखी सात माणसं आणि एक कोंबडी इंदापूरच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी छातीला वायरी लावून पट्टी काढली, रक्त तपासलं, आणि म्हणाले, "यांना काही झालेलं नाही." तोपर्यंत मामांनाही काही झालेलं नव्हतं. त्यांना भूक लागली होती. अर्धी दाढी केलेली आणि अर्ध्या गालावर वाळलेला साबण, अशा अवतारात मामा परत आले, तर दारात गाव गोळा झालेलं. एक म्हातारी तर आधीच गळा काढून बसली होती. तिला गप्प करता करता नाकी नऊ आले.

आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. दरवेळी मामांची खात्री असायची की आज आपण जाणार, आणि दरवेळी डॉक्टर म्हणायचे, काही नाही. मामींनी दाराला लिंबू बांधलं, कुणी सांगितलेला अंगारा लावला. गावात दूध घालायला गेलं की लोक हसू दाबायचे. एवढा थोराड गडी आणि भितोय, म्हणायचे. मामांनी बाजाराला जाणं सोडलं. विहिरीवर मोटार चालू करायला जायचं तरी रंजनाला हाक मारायचे. एका संध्याकाळी मला म्हणाले, "बाई, वाघ दिसला तर मानूस भितो. मला वाघ दिसतच न्हाय. नुसती भीती दिसती."

मी शिकलेली, मी त्यांना डॉक्टरांचा कागद पुन्हा वाचून दाखवला.

उत्तर मामींना सुचलं, तेही वैतागून. वर्षाचा मसाला करायचा म्हणून त्यांनी पाटीभर लसूण काढून ठेवला होता. गावचा बाजार होता, सगळ्या जिपा बाजारात. मामांनी खांबाला धरलं आणि म्हणाले, "जीप बोलवा. आज काय खरं न्हाय."

मामींनी पाटी त्यांच्यापुढं आदळली. "जीप न्हाय गावत आज. मरायचंच हाय तर एवढा लसूण सोलून मरा. मला एकटीला उरकायचा न्हाय."

मामा बायकोच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. ते खाली बसले. पहिला गड्डा फुटता फुटेना. पाकळी हातातून निसटून तीनदा अंगणात गेली. जाड बोटांना ते बारीक टरफल सापडायचं नाही, मग ते नखानं शोधायचे, मग पापुद्रा निघायचा. चौथ्या गड्ड्याला श्वास सावकाश झाला. सातव्याला मामांनी मान वर केली.

"गेला," ते म्हणाले.

"कोन गेलं?" मामी दचकल्या.

"त्यो. आलावता त्यो."

त्या दिवसापासून खिशात गड्डा आला. पुढं मी त्यांना बारामतीच्या एका मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी मामांना तासभर बोलतं केलं आणि समजावलं, की ही भीतीची लाट आहे, काही लोकांना येते, वाटतं जीव चालला, पण जीव जात नाही. गोळ्या दिल्या. लाट आली की हात कशात तरी गुंतवा आणि श्वास सावकाश सोडा, म्हणाले. मामांनी खिशातून गड्डा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "गोळ्याही चालू ठेवा आणि हेही."

मामांनी हे वाक्य गावभर सांगितलं. डॉक्टरनंच लिहून दिलाय म्हटल्यावर त्यांची भीड चेपली. दूध सोसायटीच्या सभेत चेअरमन बोलायला उभे राहिले आणि पहिल्या रांगेत मामांनी टोपी काढली. चेअरमनना वाटलं, हा निषेधाचा काही नवा प्रकार आहे. त्यांनी भाषण निम्म्यावर आटोपतं घेतलं आणि खाली उतरून विचारलं, "दौलतराव, आमचं काय चुकलं का?"

"तसं काय न्हाय, पर हाय," मामा म्हणाले. चेअरमन आठवडाभर विचारात होते.

गंमत एवढ्यापुरती ठीक होती. पण रंजनाचं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा हाच लसूण आडवा आला. पहिल्या स्थळाची माणसं घर बघून, मुलगी बघून, मध्येच टोपी काढून लसूण सोलणारे मामा बघून, चहा पिऊन गेली आणि मध्यस्थाकडून निरोप आला: मुलगी पसंत आहे, पण मुलीचा बाप जरा 'हा' आहे. मामांनी हे ऐकलं आणि दोन दिवस ओसरीवरही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मामींना म्हणाले, "पुढच्या येळंला मी घरात नसतो. वस्तीवर जाऊन बसतो."

"बाप जिता असून पोरीचं बघनं बापाबिगर?" मामी म्हणाल्या. "घरातच बसायचं. फकस्त खिसा रिकामा ठिवा."

दुसरं स्थळ कळंबचं होतं. मुलगा तिथल्याच शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस होता. पाच माणसं आली. मुलगा, त्याचे वडील, चुलते, मध्यस्थ आणि मुलाची आई. आई फार बोलत नव्हती, पदर सावरून भिंतीला टेकून बसली होती. पोहे झाले. रंजना पाटावर येऊन बसली. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, हे चाललेलं असताना मी मामांकडं पाहिलं. त्यांचा अंगठा बोटांवर घासत होता. कानशिलावरून घाम ओघळायला लागला होता. हात एकदा खिशाकडं गेला, खिसा रिकामा. मामींनी मान खाली घातली. मध्यस्थ उगाच पावसापाण्याचं बोलायला लागला.

रंजना पाटावरून उठली. बघायला आलेल्यांपुढून मुलीनं न विचारता उठणं म्हणजे केवढी गोष्ट. ती आत गेली, लसणाची पाटी घेऊन आली आणि वडिलांसमोर ठेवली.

"दादा, घ्या," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी खाली बसली. परत पाटावर गेली नाही.

मामांनी तिच्याकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं. गड्डा उचलला आणि सोलता सोलताच बोलायला लागले.

"पाव्हनं, तसं काय न्हाय, पर हाय. काळजाला काय न्हाय, डाक्टरचा कागद हाय घरात. मला भीती येती. कशाची, ते इचारू नगा. येती, धा-पंधरा मिन्टं बसती आन् जाती. त्या वक्ताला मी लसूण सोलतो. पैल्या पाव्हण्यांपासनं आमी ह्ये कारन लपवलं. तुमच्यापासनं लपवीत न्हाय. आता तुमी काय ते ठरवा. मला एवढं सोलू द्या."

पाकळ्या रुमालात पडल्याचा आवाज येत होता. मुलाचे चुलते दाराकडं बघायला लागले होते.

तेवढ्यात मुलाची आई भिंत सोडून पुढं सरकली. पाटीतला एक गड्डा तिनं घेतला आणि मामांच्या समोर बसून फोडला.

"माझ्या धाकट्या जावंला असंच व्हायचं," ती म्हणाली. "शकू तिचं नाव. घाम यायचा, मी मेले म्हनायची. आमी म्हनलं, काम नगं म्हनून सोंग करती. धाडून दिली माहेरी, कऱ्हाटीला. दोन वर्सं झाली." मग दाराकडं बघणाऱ्या त्या दिराकडं, म्हणजे शकूच्या नवऱ्याकडं, न बघता म्हणाली, "आमाला म्हायती न्हवतं. पर इचारलं बी न्हवतं."

चुलत्यांनी दाराकडची नजर काढून जमिनीकडं लावली. थोड्या वेळानं तेही पुढं सरकले आणि एक गड्डा घेतला. मग मुलाच्या वडिलांनी घेतला. मग मुलानं. त्याला काही सोलता येईना, पाकळीचा चेंदामेंदा व्हायला लागला.

"जरा पान्यात भिजवून घ्या," रंजना त्याला म्हणाली. त्या दोघांमधलं हे पहिलं बोलणं.

पाटी रिकामी झाली तेव्हा मामांचा घाम केव्हाच वाळला होता. मध्यस्थानं पाकळ्यांच्या ढिगाकडं पाहून विचारलं, "मग जमलं म्हनायचं का?"

"सोलाय बसलो तवाच जमलं," मुलाची आई म्हणाली.

वैशाखात लग्न झालं. मामा मांडवात दोनदा टोपी काढून बसले आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा बसले तेव्हा दूध सोसायटीचे चेअरमनसुद्धा शेजारी मांडी घालून सोलत होते. आहेर घेणाऱ्या बायकांमध्ये शकूही होती, हिरवी साडी नेसून, कळंबची सून म्हणून.

तिला आणायला मामा स्वतः गेले होते, लग्नाच्या महिनाभर आधी, मला बरोबर घेऊन. मुलाची आई आम्हाला बारामतीच्या स्टँडवर भेटली आणि तिथून आम्ही तिघं कऱ्हाटीला गेलो. शकू तीस-बत्तीसची असेल, हाडकुळी. जाऊ दारात दिसल्यावर ती आत जाऊन बसली. जाऊ उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "चुकलं आमचं," आणि रडायला लागली. मामा मात्र आत गेले आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले. मग मामांनी डॉक्टरांचं सांगितलं, लाटेचं सांगितलं, जीव जात नाही हे सांगितलं. बारामतीला मी स्वतः घेऊन जातो, म्हणाले.

शकू ऐकत होती. मग तिनं हळूच विचारलं, "दादा, त्या वक्ताला तुमाला काय दिसतं? मला माझी पोरगी दिसती. आय न्हाय म्हनून रडत असल्याली."

मी दारात उभी होते. एवढ्या दिवसांत मी किंवा मामींनी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. मामांनी दोन्ही तळहात उताणे करून त्यांच्याकडं बघितलं.

"रंजीची आय दिसती," ते म्हणाले. "एकटीच जेवाय बसल्याली. ताटात भाकरी घितल्याली हाय आन् खात न्हाय. एवढंच दिसतं. दुसरं काय न्हाय."

शकूनं मान डोलावली. अर्ध्या तासानं तिनं ट्रंक भरायला घेतली. तिच्या आईनं आम्हाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. पुरण घातलं होतं. मामांना चार पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार. मामा कधी कुणाच्या ताटाला नाही म्हणायचे नाहीत. त्यांनी सगळं संपवलं.

शकूला आणि तिच्या जावेला कळंबच्या गाडीत बसवून आम्ही बावड्याला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. पुरणानं तुडुंब भरलेलं पोट धरून मी चालत होते. रंजना जेवून मळ्यात गेली होती, मामी ओसरीवर एकट्याच होत्या. चुलीशेजारी भाकऱ्या फडक्यात झाकून ठेवलेल्या, कालवण वायलावर, चुलीच्या बाजूच्या तोंडावर. तीन ताटं पुसून उपडी घातलेली.

"जेवली न्हाईस?" मामांनी विचारलं.

"भूकच न्हवती," मामी म्हणाल्या. "तितं काय खाल्लंसा?"

"च्या," मामा म्हणाले.

त्यांनी हातपाय धुतले, मामींच्या समोर मांडी घातली आणि भाकरी मोडली. मामींनीही पहिला घास घेतला. मामांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मीही माझं ताट सुलटं केलं आणि बसले.